कावळा पोचला का?

माझी आत्या रोज संध्याकाळी लागोपाठ तीन मराठी मालिका बघते. समोर परातीत मेथी, मध्येच कुणाचा तरी फोन, आणि तरीही कुठल्या घरातली कोणती सून कुठल्या मृत्युपत्रामुळे कुणावर खार खाऊन आहे, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. बँकेत ३१ वर्षं लेजर सांभाळलेली बाई आहे. मागच्या पावसाळ्यात पाय मुरगळला म्हणून ती पंधरा दिवस आमच्याकडे होती आणि मी हौसेने तिला 'गेम ऑफ थ्रोन्स' ही इंग्रजी मालिका लावून दिली. आठ भाग तिने नेटाने पाहिले. नवव्याला रिमोट मागून घेतला, चित्र थांबवलं आणि म्हणाली, "हे बघ, माणसं फार आहेत ही माझी तक्रार नाही. आमच्या वाड्यात याहून जास्त होती. पण आत्ता त्या पोराने तो पक्षी मारला, तो का मारला?"

बोट बरोबर जागेवर पडलं होतं. अशा मालिका बघताना गोंधळ झाला की लोक खापर फोडतात ते नावांवर. नावं अवघड आहेतच, पण नाव न कळताही गोष्ट कळते. आत्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांची बारशी उरकली होती. टिरियन लॅनिस्टर म्हणजे 'बुटका', डनेरिस म्हणजे 'पांढऱ्या केसांची', व्हेरिस म्हणजे 'टकलू'. आर्याला तेवढं तिने आर्याच ठेवलं, कारण आमच्या सोसायटीत तीन आर्या आहेत. अडतं ते दुसरीकडेच. पाच ठिकाणी पाच गोष्टी चालू असतात आणि या पाच ठिकाणची माणसं एकमेकांना भेटतच नाहीत. मग त्या गोष्टी एकमेकींना जोडतं कोण? बातमी. कुणाला काय कळलं, कधी कळलं आणि कुणाला अजून कळलेलंच नाही, एवढं एक सूत हातात धरलं की बाकीचा गुंता आपोआप सुटायला लागतो.

रोजच्या मालिकेत बातमी हरवायची सोयच नसते. मृत्युपत्र सापडतं. सापडलेलं नणंद दाराआडून बघते. मग ती ते फोनवर कुणाला तरी सांगते. दुसऱ्या दिवशी भाग सुरू होताना ते पुन्हा एकदा सापडतं. दरम्यान घरातल्या सात माणसांच्या चेहऱ्यांवरून कॅमेरा तीन-तीनदा फिरून आलेला असतो. मेथी निवडता येते ती यामुळे. इथे मात्र बातमी एकदाच सांगतात, अर्ध्या वाक्यात, आणि तेव्हा नेमका कुकर शिटी देतो.

तर तोच नववा भाग घेऊ. ही मालिका १७ एप्रिल २०११ ला सुरू झाली आणि १९ मे २०१९ ला संपली, आठ सीझन मिळून ७३ भाग. पहिल्या सीझनचा नववा भाग १२ जून २०११ ला आला, नाव 'बेलॉर'. पुढे सगळं सांगून टाकणार आहे. ज्यांना बघायचा आहे त्यांनी इथूनच परत फिरावे, स्पॉयलरची तक्रार नंतर ऐकून घेतली जाणार नाही.

पहिली सोय मालिकेने स्वतःच करून ठेवली आहे आणि आपण ती 'स्किप' बटण दाबून घालवतो. सुरुवातीच्या शीर्षकगीतात नकाशा असतो. त्यावर किल्ले, शहरं चाव्या दिलेल्या खेळण्यांसारखी जमिनीतून उगवतात. हा नकाशा दर भागाला सारखा नसतो. त्या-त्या भागात गोष्ट कुठेकुठे जाणार, त्याप्रमाणे ठिकाणं बदलतात. नवव्या भागात 'ट्विन्स' हे नवं ठिकाण नकाशावर आलं. नदीच्या दोन काठांवर दोन बुरुज आणि मध्ये पूल. म्हणजे आज या पुलावर काहीतरी घडणार, हे भाग सुरू व्हायच्या आधीच सांगून झालं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून टाकून मग 'धडा कुठला चाललाय' असं विचारण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट काळाची. पडद्यावर दृश्यं एकामागून एक येतात म्हणून ती घडतातही एकामागून एक, असं आपण धरून चालतो. अनंत चतुर्दशीला पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात उभं राहून पाहा. लक्ष्मी रस्त्याने एक मंडळ येतं, मग टिळक रस्त्याने दुसरं, मग केळकर, कुमठेकर. आपल्यासमोर एका वेळी एकच गणपती असतो, पण म्हणून बाकीचे मांडवात बसून राहिलेले नसतात. आपण एका रस्त्यावरचं ढोलपथक ऐकत असताना दुसऱ्या रस्त्यावरची मिरवणूक चार दुकानं पुढे सरकलेली असते. इथेही तसंच. तुरुंगातला माणूस आपण पुन्हा पाहतो तेव्हा मध्ये किती दिवस गेले हे कुणी सांगत नाही. ते आपण त्याच्या दाढीवरून ओळखायचं.

आता पक्ष्याकडे येऊ.

या जगात फोन नाही, तार नाही. निरोप जातो तो डोमकावळ्याच्या पायाला बांधून. आत्याला हे ऐकून भारीच गंमत वाटली. आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणतात, तेवढीच त्याची टपाल खात्यातली नोकरी. "आणि ओंकारेश्वरापाशी तासतास हातापाया पडावं लागतं, तेव्हा कुठे शिवतो. यांचे बरे कामाचे," असं म्हणून ती पुढे बघायला लागली.

उत्तरेचा तरुण सरदार रॉब स्टार्क राजधानीत कैदेत पडलेल्या बापाला सोडवायला सैन्य घेऊन दक्षिणेकडे निघाला आहे. वाटेत नदी. पूल एकच, तो म्हाताऱ्या वॉल्डर फ्रेच्या ताब्यात. हा फ्रे नक्की कुणाच्या बाजूचा, याची खात्री नाही. त्यामुळे त्याच्या किल्ल्यातून उडणारा प्रत्येक कावळा रॉबची माणसं बाण मारून पाडतात. रॉबचा साथीदार थिऑन याने पाडलेल्या कावळ्याच्या पायाला चिठ्ठी निघते ती म्हाताऱ्याने नात्यातल्या कुठल्याशा मुलीला पाठवलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची! प्रेक्षक हसतो आणि विसरतो. पण दिग्दर्शकाने इथे भागाचा कायदाच सांगून ठेवला आहे: आज लढाई तलवारीची आहे त्याहून जास्त बातमीची आहे. कुणाची बातमी अडवायची, कुणाला खोटी पोचवायची, ते बघत राहा.

खोटी बातमी रॉबने आदल्याच भागात पेरलेली आहे. शत्रूचा हेर त्याच्या हाती लागतो, आणि त्याचे सरदार ओरडत असताना तो त्या हेराला चक्क सोडून देतो. तुझ्या मालकाला सांग, वीस हजार माणसं येतायत. तेव्हा हा पोराचा तोरा वाटतो. नवव्या भागात त्याची किंमत कळते. पूल ओलांडल्यावर रॉब फक्त दोन हजार माणसं शत्रूच्या, म्हणजे टायविन लॅनिस्टरच्या, मोठ्या फौजेसमोर धाडतो. सगळं सैन्य आपल्यावरच चालून आलं, या समजुतीत टायविन लढतो आणि जिंकतो. त्याच वेळी उरलेले अठरा हजार दुसरीकडे जाऊन त्याच्या मुलाला, जेमीला, जिवंत पकडतात. शनिवारवाड्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका आपण सहलीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. एक अक्षर बदललं की धरायचा माणूस मारला जातो. रॉबने नुसता आकडा बदलला.

ही लढाई आपल्याला दाखवतात कुणाच्या नजरेतून? बुटक्याच्या, म्हणजे टायविनच्याच धाकट्या मुलाच्या. आणि तो लढाई सुरू होताच आपल्याच बाजूच्या माणसाचा घाव डोक्यात बसून आडवा होतो. शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटोपलेलं. पुष्कळांनी याला फसवणूक म्हटलं. आठ भाग वाट पाहिली ती लढाई कुठाय? मला मात्र ती जागा फार आवडते. आपल्यालाही टिरियनइतकंच कळतं, आणि जे कळतं ते अर्धवट असतं: जिंकलो. समोर दोन हजारच होते हे टायविनकडून कळतं, तेव्हा त्या जिंकण्यातली हवा गेलेली असते. दुसऱ्या रस्त्यावरची मिरवणूक पुढे सरकली ती अशी.

तिसरा धागा थेट उत्तर टोकाला, बर्फाच्या भिंतीवर. तिथे जॉन स्नो आहे, रॉबचा सावत्र भाऊ. पहारेकऱ्याची शपथ घेतलेला. शपथ अशी की घरदार सुटलं. रॉब युद्धावर निघाल्याची बातमी त्याला देतो त्याचा मित्र सॅम, आणि तीही चोरून. सॅम आंधळ्या म्हाताऱ्या गुरुजींची, एमनची, पत्रं वाचून दाखवतो म्हणून त्याला ठाऊक. बघा, इथेही कावळाच! जॉन अस्वस्थ होतो, भावाच्या मदतीला धावावंसं वाटतं. तेव्हा एमन त्याला स्वतःची हकीकत सांगतो. त्याचंही घराणं दूर दक्षिणेत कापलं गेलं, लहान मुलांसकट, आणि तो इथे शपथेला बांधलेला बसून राहिला. शेवटी तो आपलं आडनाव सांगतो: टार्गेरियन.

चौथ्या धाग्यात, समुद्रापलीकडच्या माळावर, पांढऱ्या केसांची डनेरिस मरणाला टेकलेल्या नवऱ्यासाठी एका मांत्रिक बाईपुढे पदर पसरते आहे. तिचं आडनावही टार्गेरियन. हा म्हातारा तिच्या रक्ताचा. जगात आपलं कुणी उरलंय हे ना तिला ठाऊक, ना त्याला तिच्यासाठी काही करता येतंय. हा धागा बाकीच्यांपासून सुटलेला वाटतो आणि या भागात तरी त्यांच्यात निरोपाची देवाणघेवाण शून्य आहे. त्यांना जोडणारी बातमी एकाच माणसाकडे आहे, सोफ्यावर बसलेल्या प्रेक्षकाकडे.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. कर्ण कुंतीचा मुलगा, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. कुंतीला माहीत. युद्धाच्या तोंडावर कृष्ण कर्णाला सांगतो, मग कर्णालाही माहीत. फक्त पांडवांना कळतं ते सगळं संपल्यावर. कर्ण आणि अर्जुन समोरासमोर येतात तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो तो बाणांमुळे नाही, भाऊ भावाला मारतोय हे अर्जुनाला ठाऊक नसल्यामुळे. द्रोणाचार्य तर बातमीनेच गेले. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला आणि बापाला ऐकू आलं ते निराळंच. हे सगळं युद्ध धृतराष्ट्र ऐकतो संजयाच्या तोंडून, आणि आपण ऐकतो ते आणखी दोन सांगणाऱ्यांच्या मागे बसून: जनमेजयाला वैशंपायन सांगतो, ते नैमिषारण्यात सौती शौनकांना सांगतो. उपकथानकांची भीती ज्याने बाळगावी असा समाज आपला नाही.

आत्याला हे पटलं, पण तिने त्यात स्वतःची भर घातली. वीजबिल उलटं करून तिने पाठीवर उभी रेघ मारली. डावीकडे 'देणे', उजवीकडे 'येणे'. तिचं म्हणणं, बातमी ठीक आहे, ती एका भागापुरती. दोन सीझन पुढचं लक्षात ठेवायचं तर उधारी लिहावी. पूल ओलांडू देण्याबद्दल फ्रेने काय घेतलं? रॉबच्या आईने, केटलिनने, बोलणी करून काय कबूल केलं? तिने अक्षर लावून लिहिलं:

फ्रेचा एक मुलगा रॉबच्या सेवेत घ्यायचा.
आर्या फ्रेच्या घरात द्यायची.
रॉबने फ्रेची एक मुलगी करून घ्यायची.

"आणि आर्या आहे कुठे?" तिने विचारलं. मी काही बोललो नाही, तिला आठवलं. त्याच भागात आर्या, रॉबची धाकटी बहीण, राजधानीच्या गल्लीत मळक्या कपड्यांत फिरते आहे, एक कबूतर पकडून ते देऊन पावाचा तुकडा मिळतो का बघते आहे. पाववाला हाकलून देतो. इकडे आई तिचं लग्न ठरवते आहे, तिकडे मुलीला कबुतराच्या बदल्यात पाव मिळत नाहीये. दोन्हीकडे व्यवहारच. दोघींना एकमेकींच्या व्यवहाराचा पत्ता नाही. हे दोन प्रसंग शेजारीशेजारी ठेवून कुणी बोट दाखवत नाही. तुम्ही जोडलेत तर जोडलेत.

आता पाचवा धागा. बाकीचे चार ज्याच्याभोवती फिरतात तो, आर्याचा बाप नेड स्टार्क. राजद्रोहाच्या आरोपाखाली अंधारकोठडीत. भागाची सुरुवातच तिथे होते. टकलू व्हेरिस पाणी घेऊन येतो आणि पाण्याबरोबर दोन बातम्या. एक, तुझा मुलगा फौज घेऊन निघालाय. दुसरी, थोरली मुलगी सान्सा दरबारात तुझ्या जिवासाठी गयावया करतेय. गुन्हा कबूल कर, जीव वाचेल, भिंतीवर पाठवतील. नेड म्हणतो, मरणाची भीती मला नाही. व्हेरिस जाता जाता विचारतो, आणि मुलीच्या जिवाचं काय? हे संभाषण मेथी निवडत ऐकलं तर पुढचा सगळा भाग हातून गेला. स्वाभिमानी माणूस भर चौकात खोटी कबुली देतो ती का, त्याचं कारण इथे एका ओळीत येऊन गेलेलं असतं.

चौकातलं दृश्य मी आत्याला तीनदा मागे घेऊन दाखवलं. मोठ्या देवळासमोर गर्दी. आर्या गर्दीच्या वर दिसावं म्हणून एका पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढून बसली आहे. पुतळा बेलॉर नावाच्या जुन्या राजाचा. नेडला शिपाई गर्दीतून ढकलत नेतायत. त्याची नजर वर जाते, मुलगी दिसते. भिंतीवरचा पहारेकरी योरेन गर्दीत उभा आहे. नेड त्याच्या अगदी जवळून जाताना एक शब्द टाकतो: "बेलॉर."

बस्स. पत्र नाही, कावळा नाही. एक शब्द, तोही पुतळ्याचं नाव. योरेन वळून पुतळ्याकडे बघतो आणि त्याला कळतं. आख्ख्या भागात योग्य वेळी, योग्य माणसाला, पूर्ण पोचलेली बातमी मला तरी ही एकच दिसते. थोड्या वेळाने नेड खाली मान घालण्याआधी पुन्हा त्या पुतळ्याकडे पाहतो, तेव्हा चौथरा रिकामा असतो. हे रिकामेपण ज्याला दिसलं त्याला भागाचं नाव 'बेलॉर' का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि मग ती न पोचलेली बातमी. जेमी लॅनिस्टर रॉबच्या कैदेत आहे, हे आपण काही मिनिटांपूर्वीच पाहिलंय. जेमी हा राणी सर्सीचा जुळा भाऊ. म्हणजे आता दोन्ही बाजूंकडे एकेक मोठा कैदी आहे, अदलाबदल सरळ आहे. पण राजधानीत ही बातमी पोचल्याचं एकही दृश्य नाही. चौकात उभ्या असलेल्यांना नेडची आज काय किंमत आहे हे माहीतच नाही. पोरगेला राजा जॉफ्री ठरलेला शब्द मोडून डोकं उडवायचा हुकूम देतो, सर्सी आणि व्हेरिस दोघंही हबकतात, आणि नेड त्याच्याच तलवारीने मारला जातो. जॉफ्रीसारखा मुलगा बातमी कळली असती तरी थांबला असता का, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. आत्या म्हणते नसता थांबला. मी म्हणतो, आईने थांबवला असता.

वाद चालू असताना मला पर्वती आठवली. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघालेच होते. भेलशाजवळ, २४ जानेवारीला, एका सावकाराच्या माणसाजवळचं पत्र त्यांच्या हाती लागलं. दोन मोती गळाले, २७ मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याला गणती नाही, अशा अर्थाचं ते सांकेतिक पत्र. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. दहा दिवस. या दहा दिवसांत पेशवे ज्या फौजेला कुमक घेऊन चालले होते, ती फौज उरलेलीच नव्हती. त्याच वर्षी २३ जूनला ते पर्वतीवर वारले. शाळेत आपण लढाईची कारणं पाठ केली. या दहा दिवसांकडे कुणी लक्ष वेधलं नाही. एखाद्या मालिकेच्या लेखकाने मात्र आख्खा भाग तेवढ्यावरच उभा केला असता: एकीकडे चाललेला पेशवा, दुसरीकडे मोकळं पडलेलं रण, मध्ये घोड्यावरचा जासूद.

बाकी किरकोळ सूचना अशा. प्रत्येक ठिकाणाचा रंग ओळखून ठेवा. उत्तर करडी-निळी, राजधानी पिवळट उन्हाची, समुद्रापलीकडचा माळ धुळीचा. दृश्य बदललं की नाव कळायच्या आधी गाव कळतं. टोपणनावं बिनधास्त ठेवा. सोबत बघणाऱ्याला सारखं 'हा कोण' विचारण्यापेक्षा 'ह्याला ते माहीत आहे का' एवढंच विचारा, उत्तर देणाऱ्यालाही डोकं चालवावं लागतं. घराण्यांच्या वंशावळी घेऊन बसू नका, त्याने झोप येते. आणि कुकर आधी लावा.

पंधरा दिवसांनी आत्या घरी गेली. जाताना ते वीजबिल मागायला लागली. बिल मी भरलं होतं, तिला मागची बाजू हवी होती. तिने चष्मा लावून पुन्हा एकदा सगळ्या नोंदी तपासल्या. नेडचं खातं तिने दोन आडव्या रेघा मारून बंद केलं होतं. आर्याच्या पुढे प्रश्नचिन्ह. फ्रेच्या तिसऱ्या ओळीपुढे, रॉबने मुलगी करून घ्यायची तिथे, तिने लाल पेनने 'बाकी' लिहिलं होतं.

"हे कधी वसूल होतं?"

"तिसरा सीझन. नववा भाग."

"व्याजासकट?"

मी रिक्षा बोलवायला खाली गेलो.